राखणीचा अधिकार आणि काठीची हद्द

गोदावरीकाठच्या सायखेड्याच्या शिवारात द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या राखणीला नाना प्रकारची माणसे दिसतात. मळ्यात शेकोटीपाशी बसलेला मालकाचा राखणदार, गोदामाच्या फाटकावर उभा असलेला एजन्सीचा गणवेशधारी रक्षक, बँकेच्या दारातला बंदूकधारी, या सर्वांचे कपडे, पगार आणि हातातली साधने वेगवेगळी असली, तरी चोराला धरण्याचा आणि त्याच्यावर बळ वापरण्याचा त्यांचा अधिकार कायद्याच्या लेखी सारखाच आहे, आणि तो रस्त्याने जाणाऱ्या कोणत्याही नागरिकाच्या अधिकारापेक्षा तसूभरही मोठा नाही. गणवेश अंगावर आला की पोलिसाचा थोडाफार अंश आपल्यात उतरला, हा समज रक्षकांत जितका आहे तितकाच त्यांना नेमणाऱ्या मालकांतही आहे, आणि पुढची बहुतेक प्रकरणे या समजातूनच उभी राहतात.

या क्षेत्राचा मुख्य केंद्रीय कायदा म्हणजे खासगी सुरक्षा अभिकरणांचे विनियमन करणारा २००५ चा अधिनियम. त्यातले ‘अभिकरण’ म्हणजे व्यवहारातली सिक्युरिटी एजन्सी. एजन्सीला परवाना हवा, रक्षकाचे वय १८ ते ६५ असावे, त्याची चारित्र्य पडताळणी व्हावी, त्याच्याजवळ छायाचित्राचे ओळखपत्र असावे, इतक्या बारकाईने नियम घालणाऱ्या या कायद्यात अटक, झडती किंवा बळाचा वापर यांचा अधिकार देणारे एकही कलम नाही. उलट कलम २१ असे सांगते की लष्कराच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख रक्षकाने घातला, तर तो स्वतः आणि एजन्सीचा मालक असे दोघेही एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र ठरू शकतात. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यावर पहारा देणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची गोष्ट निराळी आहे, कारण त्या दलाला १९६८ च्या स्वतंत्र अधिनियमाने वॉरंटाविना अटक करण्याचे आणि झडती घेण्याचे अधिकार दिलेले आहेत. सायखेड्यातल्या रक्षकामागे असा कोणताही अधिनियम उभा नाही, त्यामुळे आत येणाऱ्याची पिशवी तो बघतो ती केवळ समोरच्याच्या संमतीने. ‘पिशवी दाखवायची नसेल तर आत सोडणार नाही’ एवढे तो मालकाच्या वतीने म्हणू शकतो, पण अंगाला हात लावून झडती घेऊ शकत नाही.

चोर धरण्याचा त्याचा अधिकार येतो तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मधून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेनुसार, आपल्या समक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र असा गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक धरू शकतो. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशावाचून तपास व अटक करू शकतात असा गुन्हा, आणि अजामीनपात्र म्हणजे ज्यात जामीन हा आरोपीचा हक्क नसून न्यायालयाच्या मर्जीचा भाग असतो असा गुन्हा. या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. धरलेल्या माणसाला विनाकारण उशीर न लावता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. ही सहा तासांची मर्यादा जुन्या संहितेत नव्हती. पहाटे दोनला धरलेला माणूस ‘मालक उठले की बघू’ म्हणून सकाळी नऊपर्यंत खोलीत कोंडून ठेवला, तर सायखेडा पोलीस ठाणे गावातच असताना हा उशीर कशासाठी लागला याचे उत्तर रक्षकालाच द्यावे लागते, आणि चोरीच्या फिर्यादीशेजारी डांबून ठेवल्याची फिर्याद उभी राहू शकते.

खरी मेख मात्र मालाच्या किमतीत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ ला जोडलेल्या परंतुकानुसार, चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत हा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र म्हणून नोंदलेला आहे. पिंपळगाव बसवंत बाजार समितीच्या सायखेडा उपबाजारात कांद्याचा भाव क्विंटलला दोन हजार धरला, तर उघड्यावरच्या दोन क्विंटलांची किंमत चार हजार होते, आणि भाव तीन हजारांवर गेला की तोच माल सहा हजारांचा होतो. म्हणजे रक्षकाचा धरण्याचा अधिकार त्या दिवशीच्या लिलावावर अवलंबून राहतो, आणि समोरचा माणूस पहिल्यांदा चोरी करतो आहे की दहाव्यांदा, हे तर अंधारात बॅटरीच्या उजेडात कळण्याची सोयच नाही. माल साठवण्याच्या इमारतीतून चोरी झाली तर मात्र कलम ३०५ लागते, तिथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि किमतीचा प्रश्न उरत नाही. बंद गोदाम या व्याख्येत सरळ बसते, कांदाचाळीबाबत वकील वाद घालू शकतील. कायदा करणाऱ्यांनी किरकोळ चोराचा विचार सहानुभूतीने केला हे योग्यच, पण त्याला धरणाऱ्याचा विचार कोणी केला होता असे दिसत नाही.

बळाच्या वापराचा आधार म्हणजे न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४, ज्यांत खासगी बचावाचा हक्क, म्हणजे स्वतःचे वा दुसऱ्याचे शरीर आणि मालमत्ता वाचवण्याचा हक्क, सांगितला आहे. बचावासाठी गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी यंत्रणेची मदत मिळवण्याइतका वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात बजावले आहे की संकटात सापडलेल्या माणसाने प्रत्येक फटका सोनाराच्या काट्यावर तोलून मारावा अशी अपेक्षा धरता येत नाही. तरीही द्राक्षबाग म्हणजे घर नव्हे. सूर्यास्तानंतरच्या घरफोडीत कायदा जी शेवटच्या टोकाची मुभा देतो, ती मळ्यातल्या साध्या चोरीला मिळत नाही. बागेभोवती वीजप्रवाहाची तार सोडणारे तर हा हक्क यंत्राच्या हवाली करतात, आणि तारेला गरज किती हे ठरवता येत नाही.

हा हक्क संपतो केव्हा, हे रक्षकाला शिकवणे सर्वांत अवघड असते. चोराने क्रेट टाकून पळ काढला, माल हाती आला, की मालमत्तेच्या बचावाचा हक्क तिथेच संपतो, आणि त्यानंतर पाठीत घातलेली काठी हा बचाव राहत नाही, मारहाण ठरते. धरलेल्याला खांबाला बांधून ‘आधीचा माल कुठे ठेवलास’ म्हणून मारणे तर त्याहून भारी पडते, कारण कबुलीसाठी किंवा माल परत मिळवण्यासाठी इजा करण्याला कलम १२० अन्वये सात वर्षांपर्यंत कैद आहे, तर पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे. ‘बघून घे त्याला’ असे फोनवर सांगणारा मालकही चिथावणीच्या आरोपातून सहजी सुटत नाही.

केंद्राच्या नमुना नियमांनुसार एजन्सीच्या रक्षकाला १०० तासांचे वर्गातले आणि ६० तासांचे मैदानी प्रशिक्षण द्यावे लागते, आणि त्यात खासगी बचावाचा हक्क व फिर्याद नोंदवण्याची रीत हे विषय आहेत. महाराष्ट्राचा १९८१ चा खासगी सुरक्षा रक्षक अधिनियम माथाडी कायद्याच्या धर्तीवर मंडळामार्फत नोकरी आणि वेतनाची हमी देतो, पण तो कारखाने व आस्थापनांमधल्या, थेट नोकरीत नसलेल्या रक्षकांसाठी आहे. मळ्यातला राखणदार एजन्सीचा नसल्याने २००५ च्या कायद्यात येत नाही आणि मालकाचा थेट नोकर असल्याने १९८१ च्या कायद्यातही बसत नाही. त्याला ना वर्ग, ना ओळखपत्र, ना मंडळाची नोंदणी. कलम १२० मात्र त्याला जसेच्या तसे लागू आहे, आणि नदीकडच्या बांधावर रात्री काठी घेऊन एकटा जातो तो बहुधा तोच.