अर्धशिशी

ताप हात लावून कळतो, जखम डोळ्यांना दिसते. अर्धशिशीला मात्र साक्षीदार नसतो. म्हणून तिच्या रोग्यास औषधाआधीं उपदेश मिळतो. आम्हांस नाशकांत तो यथेच्छ मिळाला. कोणी कपाळास सुंठेचा लेप सांगितला, कोणी नाकांत तुपाचे थेंब, कोणी सूर्योदयापूर्वीं दूध-जिलबी. लेपानें घटकाभर बरें वाटे, इतकेंच.

ही व्यथा १०-१५ दिवसांनीं किंवा अकस्मात् उठते, असें सुश्रुतानें म्हटलें आहे. त्या ‘अकस्मात्’चा शोध घेण्यासाठीं आम्ही एक वही ठेविली: झोप, जेवण, ऊन, वास. तीन महिन्यांनीं उलगडा झाला. नुसत्या एकादशीनें अर्धशिशी उठत नसे, रामकुंडावरील चैत्राच्या उन्हानेंही नसे. दोन्ही एकत्र आलीं कीं हमखास उठे. आतां उपवासाच्या दिवशीं आम्ही ऊन टाळतों.

१९९१ सालीं ट्रिप्टान वर्गाचें पहिलें औषध बाजारांत आलें. डॉक्टरांच्या सल्ल्यानें, दुखणें सुरू होतांच घेतल्यास या औषधांनीं पुष्कळांस गुण येतो. मात्र वेदनाशामक गोळ्या महिन्यांतून १०-१५ दिवस घेत गेल्यास त्यांनींच डोकें दुखूं लागतें.

आमचें दुखणें कमी झालें, गेलें नाहीं. पण वही वाचल्यापासून घरची मंडळी उपदेश करीत नाहींत. खोलीचें दार हळूच लोटून घेतात.