एकट्याचा प्रवास आणि वर्ध्याचा स्तूप

एकट्याने केलेला प्रवास म्हणजे माणसांपासून पळ काढणे नव्हे, याची साक्ष वर्धा जिल्हा देतो. जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी १९३१ मध्ये भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले. डफासारखे छोटे वाद्य वाजवत, सद्धर्मपुंडरीक या महायान सूत्राला वंदन करणारा मंत्र जपत चालणे, हीच फुजींची साधना होती. तो मंत्र गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातील प्रार्थनेत रुजला, तर वर्ध्यातील गीताई मंदिराजवळ फुजींच्या प्रेरणेने विश्वशांती स्तूप, म्हणजे बुद्धस्मृतीची घुमटाकार वास्तू, उभा राहिला. पाठीवर पिशवी टाकून अचानक निघालेल्या प्रवाशाला येथे मौन लाभते, परंतु ते इतरांशी जोडणारे आहे, हे सामुदायिक प्रार्थनेत बसल्यावरच उमगते; म्हणून एकट्याने निघणाऱ्याने येथे केवळ पाहून न जाता निवांत थांबावे.