सिरोंच्याकडे उतरणारं पाणी

वैनगंगा पाहायची तर उन्हाळ्यात. पावसाळ्यातली वैनगंगा पुलावरूनच पाहावी लागते, तीही धास्तावल्या मनानं. उन्हाळ्यात पात्रात उतरता येतं. लांबवर वाळू, वाळूत ढिवरांच्या डांगरवाड्या, काठाला एखादा डोंगा. हातानं वाळू उकरून केलेल्या झिऱ्याच्या तळाशी पाणी हळूहळू जमू लागतं. आधी गढूळ, मग इतकं नितळ की तळाचा कण न् कण दिसावा. तेच पाणी वेलांच्या मुळाशी घालायचं. एवढ्या मोठ्या नदीशी माणसाचा व्यवहार असा ओंजळीओंजळीनं चालतो.

मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याजवळ ती उगम पावते. भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दच्या धरणापाशी अडते, आणि तिथून सुटली की चंद्रपूर आणि गडचिरोलीची हद्द होऊन वाहते. ही हद्द १९८२ची. त्या वर्षी २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. वाघांनी ती कधीच मानली नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलात दाटी झाली तसे ते नदी ओलांडून गडचिरोलीत शिरले आणि तिथलेच झाले. वाघ वाढले याचा आनंद आपल्याला शहरात बसून होतो. काठच्या गावांतल्या बाया मात्र मोहफुलं वेचायला जीव मुठीत धरून जातात. आनंद मानताना त्यांची आठवण ठेवलीच पाहिजे.

चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला नदी वळण घेते आणि उत्तरवाहिनी होते. त्या वळणावर मूर्तींनी भरलेल्या भिंतींची जुनी शिवमंदिरं उभी आहेत. लोक त्यांना विदर्भाचं खजुराहो म्हणतात. मला ते पटत नाही. महाशिवरात्रीला जत्रा भरते, झाडीपट्टीतली माणसं पात्रात स्नान करून दर्शनाला जातात. असं स्थळ आपल्याच नावानं ओळखलं जावं.

पुढे चपराळ्याजवळ वर्धा येऊन मिळते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. तिचा इतिहास आपण फारच थोडा सांगतो. १८५८च्या एप्रिलात तिच्या काठच्या चिंचगुडीला इंग्रजांच्या तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. चांद्याच्या मुलखात तेव्हा बाबुराव शेडमाक्यांचं बंड पेटलं होतं. २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. ते अवघे पंचविशीतले होते. त्यानंतर काही वर्षांतच इंग्रजांनी घाट घातला तो वऱ्हाड-नागपूरचा कापूस याच पाण्यानं, गोदावरीतून थेट समुद्रापर्यंत बोटींनी न्यायचा. पात्रातल्या खडकांनी दाद दिली नाही. बराच पैसा ओतून झाल्यावर १८७१ साली काम सोडून द्यावं लागलं.

ते खडक माणसाच्या हिशेबात मावणारे नाहीतच. सिरोंच्याच्या वरच्या अंगाला काठावर कोटा नावाचं गाव आहे. त्याच्या नावानं भूगर्भशास्त्रात जुरासिक काळचा एक थर ओळखला जातो. त्या थरात मासे सापडले, आणि पलीकडच्या तेलंगणाच्या तीरावर यामनपल्लीजवळ एक भलाथोरला शाकाहारी डायनासोर. त्याचं नावच कोटासॉरस. सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात आहे. आपल्या तीरावर वडधमला जीवाश्म उद्यान आहे, पण पुण्या-मुंबईच्या किती जणांनी ते पाहिलं असेल?

सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. समोर तेलंगणातलं कालेश्वरम. गोदावरीची ही सर्वांत मोठी उपनदी, आणि इथून पुढची गोदावरी थोर दिसते ती बरीचशी हिच्या पाण्यानं. संगमाच्या खाली मेडीगड्डाला तेलंगणानं बांधलेला बंधारा २०१९ साली सुरू झाला, आणि २०२३च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. त्याच्या फुगवट्याचं पाणी सिरोंच्याच्या शेतकऱ्यांच्या जमिनींत शिरत आलं आहे. त्यांच्या तक्रारी मुंबईत पोचायला फार वेळ लागतो. अंतर हे त्याचं पुरतं कारण नव्हे; ही नदी आपली आहे हेच आपल्या मनावर नीट ठसलेलं नाही.

नाशिक, पैठण, नांदेड इथवर गोदावरी आपण अभिमानानं सांगतो. नांदेडनंतर ती राज्याबाहेर जाते आणि सिरोंच्याला पुन्हा महाराष्ट्राला भेटते. शिक्षकांना माझी विनंती आहे, मुलांना गोदावरी शिकवताना बोट नांदेडवरून उचलू नका; सिरोंच्यापर्यंत न्या, आणि तिथून प्राणहितेवरून वर चपराळ्यापर्यंत फिरवा.