सगळ्यांच्या मागून सासवड

पुण्याहून सासवडला सायकलवर जायचं तर दोन घाट आहेत. कोंढवा-येवलेवाडीवरून जाणारा बोपदेव आणि हडपसर-वडकीवरून जाणारा दिवे. आमच्या क्लबचा रिवाज असा, की जाताना बोपदेव चढायचा आणि येताना दिवे घाट उतरायचा. बोपदेवचा चढ आखूड पण खडा, आणि रविवारी पहाटे तिथे वर्दळ कमी. दिवे घाट लांबलचक; ट्रक आणि एसट्यांच्या सोबतीने तो रखडत चढण्यापेक्षा उतरून मोकळं झालेलं बरं. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. सायकलवाले याला ‘ब्रेकफास्ट राइड’ म्हणतात. नाश्ता सासवडला, जेवायला घरी.

सप्टेंबरअखेरचा रविवार होता. साडेपाचला स्वारगेटजवळ जमलो तेव्हा रात्रीच्या सरीने रस्ते ओले होते. वीसेक जण आले होते. कोणी टायर दाबून बघत होतं, कोणी मागचा लाल दिवा लावत होतं. हेल्मेट नसेल तर राइडला घेत नाहीत, मग माणूस कितीही जुना असो. दर वेळी दोघांवर कामगिरी असते, एक लीड आणि एक स्वीप. लीडने रस्ता आणि वेग धरायचा. स्वीपने शेवटी राहायचं आणि आपल्या मागे कोणी उरू द्यायचं नाही. या खेपेला स्वीप माझ्याकडे होतं. पाठीवरच्या पिशवीत पंप, दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि शेंगदाण्याची चिक्की.

कोंढव्यापर्यंत गट एका ओळीत चालला. पुढच्याने पाठीमागे हात नेऊन बोट दाखवलं, की तिकडे खड्डा. मग ‘खड्डा!’ ही आरोळी ओळीभर मागे सरकत येते आणि माझ्यापर्यंत पोहोचते तेव्हा खड्डाही पोहोचलेला असतो. ‘ब्रेकर!’, ‘कुत्रं!’, ‘मागून गाडी!’ हा सगळा पत्रव्यवहार असाच चालतो. फक्त शेवटची आरोळी माझ्यापासून निघून पुढे जाते. सपाटीवर सायकलला अडवते ती मुख्यतः हवा. पुढचा माणूस ती फोडतो आणि त्याच्या चाकामागे राहणाऱ्याला बऱ्यापैकी कमी जोर लागतो. म्हणून पुढचे आळीपाळीने बदलतात आणि कच्चे गडी मध्ये राहतात.

घाटात हे गणित मोडतं. चढाला वेग इतका उतरतो, की हवेचा अडथळा नावापुरता उरतो आणि ज्याचं त्याला आपलं वजन वर न्यावं लागतं. कोणाच्या मागे लपून काही वाचत नाही. येवलेवाडी मागे पडून रस्ता उभा झाला तशी आमची ओळ विस्कटली. हलक्या कार्बनच्या सायकली पहिल्याच वळणाआड गेल्या.

शेवटी उरली एक नवी मुलगी. नोकरीसाठी लातूरहून पुण्यात आलेली, सायकल भावाची, जुनी आणि जड. ती पॅडलवर उभी राहून जोर काढत होती.

“ताई, तुम्ही व्हा पुढे. मी येते हळूहळू.”

“मी पुढे गेले तर मला काम काय उरलं? बस खाली. अजून हलका गिअर आहे का?”

होता. जोरात रेटताना गिअर बदलला तर चेन उतरते. म्हणून क्षणभर पायाचा जोर सैल करून तिने तो बदलला. पाय भराभर फिरायला लागले, वेग तेवढाच राहिला, पण श्वास ताब्यात आला. मग बोलायलाही जमू लागलं. क्लबमध्ये चढाची कसोटी हीच आहे: पुरं वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर.

घाटमाथ्यावर सगळे थांबले होते. हाही नियम, शेवटचा आल्याशिवाय पुढची टांग मारायची नाही. मागे ढगाखाली पुणं पसरलेलं आणि दक्षिणेला पुरंदर-वज्रगडाची जोडी. १६६५ च्या तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, तो तह या पुरंदरच्या वेढ्यातून झाला. आमच्यातले दोघे-तिघे मात्र दोनशेच्या बीआरएमच्या हिशेबात गुंतले होते. या लांब पल्ल्याच्या राइडला २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, ६०० साठी ४०. तिथे आपलं पंक्चर आपण काढायचं, आपला रस्ता आपण शोधायचा. कोणी कोणासाठी थांबलंच पाहिजे असं नाही. त्या परीक्षेलाही मान आहे. रविवारची आमची राइड मात्र शेवटच्या माणसाच्या वेगाने होते.

भिवरी, बोपगाव ओलांडलं. उतारावर गार वारा आणि दोन्हीकडे पावसाने तरारलेली शेतं. चांबळीच्या पुढे मुलीचं मागचं चाक बसलं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका माझ्याबरोबर मागे थांबले. चाक काढलं, ट्यूब बाहेर आली. मुलीने नवी ट्यूब घालायला घेतली, तर काकांनी तिचा हात धरला.

“थांब बाळ. काटा आतच असणार. तो काढल्याशिवाय नवी घातलीस, तर तीही जाईल.”

त्यांनी जुन्या ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती गालाजवळून हळूहळू फिरवली. वाऱ्याची बारीक फुंकर लागली ती जागा नखाने धरली. मग व्हॉल्व्हपासून त्या भोकापर्यंत वीत टाकून मोजलं. तेवढंच अंतर टायरवर घेतलं आणि तिथे आतून बोट फिरवलं. बाभळीचा काटा, बाहेरून दिसतही नव्हता. टायर परत चढवताना कंपनीचं नाव त्यांनी बरोबर व्हॉल्व्हपाशी आणलं. “म्हणजे पुढच्या वेळी ट्यूबवरचं भोक टायरवर कुठे आलं, ते लगेच सापडतं.” मुलीने तेवढ्यात फोनवर फोटो काढून ठेवला.

सासवडमध्ये बाकीच्यांची मिसळ संपून चहा चालला होता. आम्ही तिघं पोहोचताच तीन प्लेटी समोर आल्या. आधीच सांगून ठेवल्या होत्या. बाजाराच्या बाजूला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. पुरंदरचं सीताफळ आणि अंजीर पुण्याला नवं नाही, पण डोळा उघडलेलं फळ सायकलवर नेणं जिकिरीचं. काकांनी कडक बघून चार घेतली आणि जॅकेटात गुंडाळून कॅरिअरला बांधली.

मग संगमेश्वराच्या घाटावर थोडं टेकलो. चांबळी नदी इथे कऱ्हेला मिळते. जवळच्याच कोडीत गावी १८९८ साली जन्मलेल्या आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हेच नाव दिलं. सोपानदेवांची समाधीही सासवडचीच. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून इथे मुक्कामाला येते. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. हजारोंचा तो मेळा दिंड्यांच्या ठरल्या क्रमाने चढतो, कारण क्रम असला की म्हाताऱ्यांची, दमलेल्यांची जागा सुटत नाही. आमची वीस जणांची ओळ त्यापुढे किस झाड की पत्ती, पण अक्कल तिथूनच घ्यावी.

दिवे घाट उतरताना लीडने बजावलं: एकामागून एक, मध्ये भरपूर अंतर, दोन्ही ब्रेक दाबत-सोडत. चढाला जवळ राहून फायदा नाही आणि उताराला जवळ राहण्यात धोका. वळणावर खाली मस्तानी तलाव दिसला, पण मान वळवायची सोय नव्हती. बाजूने खडीचा डंपर चालला होता. पायथ्याला पुन्हा मोजणी झाली. वडकी, फुरसुंगी, मग हडपसरच्या सिग्नलवरचा धूर. तिथून ज्याने त्याने आपापली पेठ गाठली. अकराच्या सुमारास ग्रुपवर एकेकाचं ‘पोहोचलो’ येऊ लागलं. मुलीचं आल्यावर माझं स्वीपचं काम संपलं.

राइड नोंदवणारं अॅप दोन आकडे दाखवतं. चाकं फिरत होती तो वेळ, आणि निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचा एकूण वेळ. बढाई मारायला सगळे पहिला आकडा घेतात, कारण सरासरी वेग त्यावरून निघतो. आमच्या त्या दिवशीच्या दोन्ही आकड्यांत जवळजवळ दोन तास फरक होता. घाटमाथ्यावरचं थांबणं, काकांनी शोधलेला काटा, सांगून ठेवलेल्या मिसळीच्या प्लेटी हे सगळं त्या फरकात आहे. एकटीने निघाले तर मी तो सहज निम्म्यावर आणीन. पण मग क्लबची वर्गणी कशाची भरायची?