एक चिकटवलेला कागद

चिकटवलेल्या कागदांशी माझे जुने वैर आहे. धनत्रयोदशीला घरात स्टीलचे नवे पातेले आले, की इतर मंडळी त्याला हळदकुंकू लावण्याच्या घाईत असतात. मी मात्र त्याच्या पोटाला चिकटलेल्या लेबलाकडे बघत बसतो. ते निघेपर्यंत पातेले आपले झाले असे मला वाटतच नाही. आणि हे काढण्याचेही एक शास्त्र आहे बरे का! नखाने खरवडले तर वरचा कागद निघतो आणि खालचा कळकट, चिकट पापुद्रा जन्मभर सोबत करतो. पातेले मंद आचेवर क्षणभर धरावे, डिंक मऊ झाला की एक कोपरा उचलावा आणि कागद वर न खेचता भांड्यालगत हळूहळू मागे ओढत न्यावा. उरल्यासुरल्या चिकटपणावर खोबरेल तेल चोळून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. रॉकेलच्या वाटेला जाऊ नये. ते डिंकाबरोबर रंगही नेते.

माझी पत्नी म्हणते, "एवढी माया माणसांना लावली असती तर—" वाक्य ती पुरे करीत नाही. दिवाळीच्या दिवसांत ती अर्धी वाक्ये पुरी करून घेण्याच्या फंदात मीही पडत नाही.

मी चित्रकलेचा मास्तर. दहावीपलीकडचे माझे शिक्षण म्हणजे रंग, ब्रश आणि डिंक यांचेच. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, हे गावाला ठाऊक आहे आणि गावाने ते मोठ्या मनाने माफ केले आहे. आमची शाळा भंडारदऱ्याची. एका अंगाला धरणाची भिंत, दुसऱ्या अंगाला कळसूबाईच्या रांगा आणि पावसाळ्याचे चार महिने या दोहोंवर धुक्याचा पडदा. ते धुके वर्गातही येते. खडू ओले होतात, वह्यांची पाने फुगतात, आणि भिंतीवर लावलेली चित्रे एकेका कोपऱ्याने माना टाकू लागतात. अशा हवेत संगणक ठेवायचे म्हणजे घरात लोणच्याची बरणी सांभाळण्यासारखे आहे. सदा झाकायचे, सदा पुसायचे.

२०१३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शाळेची साफसफाई निघाली आणि संगणकाची खोली माझ्या वाट्याला आली. दहा संगणक होते. पडद्याखालची ती उभी पेटी, जिला आपण सारे 'सीपीयू' म्हणतो, धुळीने आणि हातांच्या डागांनी मळली होती. प्रत्येकीवर तीनतीन, चारचार चिकटवलेले कागद. कुणावर आतल्या यंत्राचा शोभेचा बिल्ला, कुणावर विकणाऱ्याचे नाव आणि बाजूला 'विंडोज ७' चे एक बारीक अक्षरांचे, चकाकणारे लेबल. काहींचे कोपरे ओलीने उठले होते, काहींवर मुलांनी पेन्सिलीने मिशा काढल्या होत्या.

वाचकहो, माझा स्वभाव मी आधीच सांगितला आहे. गरम पाण्याची पिशवी आणली, खोबरेल तेलाची बाटली आणली आणि दोन दुपारी खपून त्या दहाही पेट्या लख्ख केल्या. ती चकाकणारी लेबले मोठी हट्टी होती; उचलली की फाटत. तशी ती फाटावीत अशा बेतानेच केलेली असतात, हे मला पुढे कळले. परंतु माझा हात काही कमी कसबी नव्हता! बहुतेक सगळी मी अखंड उतरवली आणि केराच्या टोपलीत टाकली. मुख्याध्यापक म्हणाले, "वा! अगदी नवे दिसतात." मला तर एखादे प्रदर्शन जिंकल्यासारखे वाटले.

पुढच्या जूनमध्ये पाऊस विजांसकट आला आणि एका रात्रीत तीन संगणकांच्या हार्ड डिस्क गेल्या. राजूरहून दुरुस्तीवाला आला. नव्या डिस्क बसवल्या आणि मग रोग्याची नाडी शोधावी तसा तो पेट्यांच्या चारी बाजूंनी हात फिरवू लागला.

"सर, याचं लेबल कुठंय?"

"कसलं लेबल?"

त्याने जे सांगितले त्याचा मथितार्थ असा. ज्याला मी कचरा समजलो तो शाळेने पैसे मोजून घेतलेला परवाना होता. त्या लेबलावर पाचपाच अक्षरांचे पाच गट, असा पंचवीस अक्षरांचा क्रमांक असतो. विंडोज पुन्हा बसवायची तर तो क्रमांक द्यावा लागतो. हा परवाना त्या एका यंत्रापुरता असतो, म्हणूनच तो पेटीला चिकटवतात. आमचे संगणक सुटे भाग जोडून घेतलेले, त्यामुळे दुसरा आधार नव्हता. चालू असलेल्या सात यंत्रांच्या पोटातून त्याने एका छोट्या प्रोग्रॅमने त्यांचे क्रमांक वाचून कागदावर उतरवले. उरलेल्या तिघांची स्मृती डिस्कबरोबरच गेली होती.

"काढली कुणी लेबलं?" मुख्याध्यापकांनी विचारले. आणि त्यांची नजर दाराशी उभ्या असलेल्या शिपाईमामांकडे गेली. खोली झाडतात ते मामा. पुसतात ते मामा. "मामा, फडक्याला जरा डोळे असू द्यावेत."

मामा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर दाट धुके होते. बघण्यासारखे काहीसुद्धा नव्हते.

दुरुस्तीवाल्याने वेळ सावरून नेली. "एवढं काय मनावर घेता? माझ्याकडे क्रॅक आहे. दहा मिनिटांत तिन्ही चालू करतो. सगळीकडे हेच चालतं." मला केवढे हायसे वाटले म्हणून सांगू! लेबल नको, क्रमांक नको आणि मुख्य म्हणजे माझा कबुलीजबाबही नको. "उद्या करू," एवढे बोलून मी घरी आलो.

पत्नीला सारे सांगितले. म्हणजे मामांचा भाग वगळून सांगितले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, मागे तुमच्या कादंबरीची कुणीतरी पानं टिपून ती मोबाइलवर फिरवली होती, तेव्हा तीन दिवस तुम्हाला जेवण गोड लागलं नव्हतं."

खरे होते ते. चार वर्षे रात्रीचा दिवस करून लिहिलेले पुस्तक, मूठभर प्रती खपलेल्या, आणि एके दिवशी एका लग्नात कुणीतरी मोठ्या कौतुकाने मला सांगितले, "सर, तुमची कादंबरी मोबाइलवर फुकट आली, वाचली बरं का!" मी त्यावर एका ग्रंथालयात व्याख्यान दिले होते. चोरी म्हणजे चोरी, असे टेबलावर हात आपटून म्हणालो होतो. त्या व्याख्यानासाठी मी १९५७ चा कॉपीराइट कायदाही चाळला होता. त्यात साहित्यकृतीची जी व्याख्या आहे, तिच्यात संगणकाच्या प्रोग्रॅमचाही समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या पंगतीत माझी कादंबरी आणि ती विंडोज एकाच पाटाला पाट लावून बसलेल्या! तेव्हा ही गोष्ट मी एक गंमत म्हणून सांगितली होती आणि श्रोते हसले होते. आता पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मला हसू येत नव्हते. विंडोज करणारी कंपनी गडगंज आहे, तिला तीन संगणकांनी काय फरक पडतो, असे मी स्वतःशी म्हणून पाहिले. पण माझी कादंबरी फिरवणाराही असेच काहीतरी म्हणाला असेल.

आणि खरे सांगायचे तर त्या रात्री मला कायदा फारसा टोचत नव्हता. टोचत होता तो मामांचा न बोललेला चेहरा.

सकाळी प्रार्थनेपूर्वीच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. "लेबलं मी काढली," म्हणालो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग काल का बोलला नाहीत?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग बाहेर येऊन मामांना गाठले. मामा घंटेजवळ उभे होते. म्हणाले, "सर, मला ठावं होतं. टोपली मीच तर रिकामी केली. तुम्ही सांगाल म्हनून थांबलो." आणि घंटा वाजवून झाल्यावर सहज पुढे म्हणाले, "टोपलीतली चकचकीत समदी पोरांनी उचलली की. त्यांच्या कंपासपेट्या बघा."

त्या दिवशी आमच्या शाळेत जी झडती झाली तशी पूर्वी कधी झाली नसेल. कंपासपेट्या, डबे, पाट्या, छत्रीच्या मुठी! लेबले निघू लागली. ज्यांचे क्रमांक चालू सात यंत्रांशी जुळत होते ती बाजूला ठेवली. न जुळणारी ती आमच्या तीन मुक्या यंत्रांची. एक सातवीतल्या मुलीच्या कंपासपेटीवर सापडले. मी जरा दरडावूनच विचारले, "हे का घेतलंस?" ती म्हणाली, "सर, तुम्हीच टाकलं व्हतं ना!" पुढे मला काही विचारता आले नाही.

दुसरे एका मुलाच्या वडिलांच्या बॅटरीवर होते. पावसाच्या तोंडाशी पाहुणे काजवे बघायला येतात, त्यांना रात्री वाट दाखवण्याचे काम ते करीत. हाताच्या घामाने अक्षरे पुसट झाली होती. त्या निमित्ताने मी ती अक्षरे निरखून वाचली. त्या क्रमांकांत इंग्रजीचे स्वर मुळी नसतातच. शून्य, एक आणि पाच हे आकडेही गोंधळ नको म्हणून गाळलेले. एवढी काळजी घेणाऱ्यांनी 'बी' आणि 'आठ' मात्र दोन्ही ठेवलेले, आणि आमची गाडी नेमकी तिथेच अडली! 'बी' घातला, क्रमांक नाकारला. 'आठ' घातला आणि संगणक सुरू झाला. खोलीत टाळ्या पडल्या.

तिसरे लेबल एका सायकलच्या मडगार्डवर होते. पावसाने ते धुऊन अगदी पांढरे झाले होते. त्यावर काहीच उरले नव्हते.

दुरुस्तीवाला पुन्हा म्हणाला, "एकाच यंत्राचा तर प्रश्न आहे." या वेळी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले आणि मी मान हलवून नको म्हणालो. संगमनेरला शिकणारा आमचा एक माजी विद्यार्थी सुट्टीत आला होता. त्याने त्या यंत्रावर लिनक्स बसवून दिले. लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभलेले हे काम. पुढे देशोदेशीच्या माणसांनी त्यात भर घातली. आपल्या सी-डॅकनेही त्यावर 'बॉस' नावाची प्रणाली केली आहे, आणि केरळातल्या सरकारी शाळांनी तर हाच मार्ग कधीचा धरला आहे. तिच्यावर मराठी टंकलेखन उत्तम होते. मुले त्या यंत्राला 'फुकटवाला' म्हणू लागली. मी त्यांना समजावले, की बाबांनो, हे फुकट आहे ते करणाऱ्यांनी आपण होऊन दिले म्हणून. शेजारच्याने परसातले कोथिंबिरीचे मूठभर दिले, तर ते आणावे. तो झोपला असताना कुंपणातून उपटू नये. हे त्यांना लगेच पटले. त्यांच्या घरच्या परसात कोथिंबीर असते.

सापडलेली लेबले आम्ही प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून ज्याच्या त्याच्या पेटीवर लावली. वर चिकटपट्टी मारली नाही. ती काढताना अक्षरेही घेऊन जाते. लेबलांचे फोटो काढले आणि डेडस्टॉक रजिस्टरात दहाही यंत्रांपुढे एकेक ओळ सुवाच्य अक्षरात मी लिहिली. नवव्या ओळीशी मात्र लिहिले, 'लेबल माझ्या चुकीने नष्ट,' आणि खाली सही केली.

आता ते संगणक राहिले नाहीत. २०१२ साली 'विंडोज ८' आली आणि तिच्यापासून नव्या यंत्रांचा क्रमांक बहुधा आतल्या पाटीतच कोरून येऊ लागला. बाहेरच्या कागदावर नुसते नाव. 'विंडोज ७' ला कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी निरोप दिला, 'विंडोज १०' ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आमची जुनी यंत्रे रीतसर निर्लेखित होऊन भंगारात गेली. डिस्क काढून घेतल्या. लेबले तशीच राहू दिली. ज्याचा परवाना त्याच्याबरोबर जावा.

माझी खोड मात्र गेलेली नाही. थोडी सावध झाली आहे एवढेच. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आणि शाळेच्या पाट्या नव्याने रंगवण्याचे काम अर्थातच चित्रकलेच्या मास्तराकडे आले. रंगाचा पहिला हात देण्यापूर्वी मी प्रत्येक जुन्या पाटीचा फोटो घेतला आणि ती रजिस्टरात उतरवून ठेवली. समोर धरण दिसत होते. १९२६ साली पुरे झालेल्या त्या भिंतीला एका गव्हर्नराचे, विल्सनसाहेबाचे नाव मिळाले. दगड वाहणाऱ्यांची नावे कुणी कुठे चिकटवली नाहीत. केलेल्या कामाला करणाऱ्याचे नाव राहणे ही किती दुर्मिळ गोष्ट आहे, हे कादंबऱ्या लिहूनसुद्धा मला तोवर नीट उमगले नव्हते.

शिपाईमामा निवृत्त झाले. भाऊबीज झाली की ते फराळाला येतात. पत्नी नव्या ताटलीत चकली, करंजी वाढते. मामा ताटली उचलतात, तिच्या बुडाकडे बघतात आणि माझ्याकडे न बघता विचारतात, "काय सर, यंदा काय काय खरवडलं?"

त्या प्रश्नाला मी दरवर्षी खरे उत्तर देतो.