समोरच्याची खेळी

श्रावणाच्या सुमारास बारवी धरण भरत आले की आमच्या बदलापुरात दुसरा विषय नसतो. पाणी ७२.६० मीटरच्या पातळीला पोहोचले म्हणजे धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, आणि म्हणून नदीकाठच्या गावांना अगोदरच सावधगिरीची सूचना दिली जाते. यंदा ती सूचना आली त्या दिवशी नातवंडांनी दरवाजे पाहावयास जाण्याचा हट्ट धरला. अशा पावसात तिकडे मुलांना नेणे शक्यच नव्हते. त्यांची समजूत काढण्याकरिता दादांनी माळ्यावरून बुद्धिबळाचा पट काढविला.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. वय ऐंशीच्या पुढे. मला हा खेळ त्यांनीच शिकविला, आणि शिकविताना त्यांचा एकच दंडक असे : समोरच्याची खेळी झाली की आपले दोन्ही हात पाठीमागे बांधावयाचे, आणि ‘ही खेळी त्याने का केली?’ याचे उत्तर मिळेपर्यंत ते सोडावयाचे नाहीत. पुष्कळदा ते पुरा डाव मांडीतच नसत. चारपाच मोहरी ठेवून ‘येथे कोणाला भय आहे?’ एवढेच विचारीत. ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापले गेले. त्यातही मुख्यत्वे अशा बिकट स्थितीच विद्यार्थ्यापुढे मांडलेल्या आहेत.

मुलांचा पहिला डाव चार खेळ्यांत आटोपला. नातीने वजीर बाहेर काढला, मागोमाग उंट आणला, आणि भावाच्या राजाशेजारचे, उंटापुढचे प्यादे वजिराने मारून मात केली. त्या प्याद्याला राजाखेरीज कोणाचाही जोर नसतो, ही गोष्ट नवशिक्याच्या ध्यानातच येत नाही. नातू रडकुंडीला आला. दादांनी मोहरी पुन्हा लावली आणि दाखविले की, वजीर बाहेर आला त्याच क्षणी त्याचा रोख पाहिला असता तर एक घोडा आणि एक प्यादे एवढ्यानेच काम भागले असते. शिवाय त्या वजिराला हुसकता हुसकता आपली फौजही बाहेर पडली असती. वजीर लवकर काढणे हे शौर्य नव्हे, हे नातीलाही दुसऱ्या डावात कळले.

नवशिक्याच्या चुका पाहिल्या तर त्या अज्ञानाच्या क्वचितच असतात. मोहऱ्यांच्या चाली त्याला ठाऊक असतात. पण आपल्याच बेतात तो इतका गुंगलेला असतो की समोर कोणी बसले आहे हेच विसरतो. शह देता येतो म्हणून शह देतो, आणि राजा चांगल्या घरात जाऊन बसतो. हलविलेले मोहरे कोठे गेले हे पाहतो. पण ते मागे कोणाचा जोर काढून गेले, कोणती पट्टी मोकळी करून गेले, हे पाहत नाही. तीन प्याद्यांच्या आड राजाला सुखरूप समजतो, आणि शेवटच्या पट्टीत शत्रूचा हत्ती उतरला की तीच प्यादी भिंत होऊन राजाला कोंडतात. घोड्याचे तर बोलावयासच नको. तो एका उडीत राजा आणि हत्ती दोघांनाही धरतो.

थोरामोठ्यांचेही असे होते. २००६ च्या नोव्हेंबरात बॉन येथे जगज्जेता क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’ या संगणकाशी खेळत असता वजिरावजिरी करावयास गेला, आणि पुढच्याच खेळीत संगणकाने मात केली. एका खेळीची मात त्याला दिसली नाही. संगणकाचा घोडा पटाच्या अगदी टोकाच्या पट्टीत बसून वजिराला जोर देत होता. तेथील घोड्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही हकीकत सांगितल्यावर नातवाचे डोळे पुसले गेले.

दिवेलागणीस मुले उठली आणि दादा व मी बसलो. पंधराएक खेळ्या झाल्यावर दादांनी घोडा उचलला आणि पुढे ठेवला. त्याच घोड्याचा त्यांच्या वजिराला जोर होता. वजीर माझ्या उंटाच्या तोंडी उघडा पडला. साठ वर्षांत असे मी पाहिले नव्हते. मी हात पाठीमागे बांधले. मग एकेक आठवू लागले : गेल्या महिन्यात त्यांनी एकच प्रश्न तीनदा विचारला होता, स्टेशनावरून परतताना आपली गल्ली चुकले होते, धाकट्या सुनेला थोरलीच्या नावाने हाक मारीत होते. प्रत्येक वेळी आम्ही हसून ‘वय झाले’ म्हटले होते.

मी कडेचे एक प्यादे पुढे सरकविले.

दादा बराच वेळ पटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “वजीर का सोडलास?”

“दिसला नाही, दादा.”

“तुला दिसला,” ते म्हणाले, आणि डाव मोडून मोहरी पेटीत भरू लागले.

रात्री जेवणे झाल्यावर मी पुतण्याला बाजूस बोलावून सारे सांगितले. पाऊस ओसरताच दादांना डॉक्टरांकडे न्यावयाचे ठरले आहे.