वेचणीच्या वहीत बाईची पानं

16 ऑगस्ट 2022, ढाणकी (जि. यवतमाळ)

बाई आज सात दिवसांची झाली. नाव बारशाला ठरेल. तोवर माझी माय तिला 'बाई' म्हणते, म्हणून मीही तेच लिहितो. वही कापूस वेचणीच्या हिशेबाची आहे. पुढच्या पानांवर मजुरी, मागच्या पानांवर बाई.

सकाळी आशाताई आल्या. झोळीत घालून वजन केलं. जन्मतः 2 किलो 700 ग्रॅम होतं, आज पन्नास ग्रॅम कमी भरलं. मायचा चेहरा उतरला. पहिल्या आठवड्यात थोडं उतरतंच, दहाव्या दिवसापर्यंत भरून निघतं, असं ताईंनी समजावलं. मग बाईच्या पोटावर नजर ठेवून त्यांनी घड्याळाच्या मिनिटभर श्वास मोजले. चव्वेचाळीस. साठ किंवा वर गेले, बाळ अंगावर ओढेना झालं किंवा हातपाय गार लागले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, एवढं तीनदा बजावून गेल्या.

घरी येऊन बाळ बघण्याची ही रीत विदर्भातच घडली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. 39 गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी कमी झालं, आणि तो अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे 2011 पासून देशभरच्या आशा याच पद्धतीनं घरोघर जाऊ लागल्या. आमच्या ओसरीत बसून श्वास मोजणाऱ्या ताईंना मी यापुढे 'गोळ्या वाटणारी' म्हणू देणार नाही कोणाला.

20 सप्टेंबर 2022

दीड महिन्याचे डोस झाले. दोन्ही मांड्यांना सुया, तोंडात थेंब. संध्याकाळी अंग तापलं, रात्रीतून उतरलं. तापल्या अंगानंसुद्धा ती माझ्याकडे बघून हसली. याआधी झोपेत ओठ हलायचे ते वेगळं. हे डोळ्यात डोळे घालून होतं.

28 जानेवारी 2023, रथसप्तमी

आज बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने. मुरमुरे, बोरं, उसाचे करवे, रेवड्या डोक्यावरून ओतल्या आणि गल्लीतली पोरं तुटून पडली. बाईच्या आईनं आधीच ठरवलं होतं की ओतून झालं रे झालं, बाईच्या आसपासचं सगळं झाडून काढायचं. बोराची बी या वयात घशात अडकली तर जीव जातो. काही पाहुण्या बायांना ते आवडलं नाही. आवडो न आवडो.

माझी नोंद वेगळीच आहे. एक बोर तिच्या उजव्या मुठीत आलं. तिनं ते बघितलं, डाव्या हातात घेतलं, पुन्हा बघितलं. महिन्यापूर्वी हातातली वस्तू सुटली की सुटली. दुसरा हात मदतीला यायचा नाही. आज दोन्ही हातांची एकमेकांशी ओळख झाली. तोंडाकडे निघालं तेव्हा मी काढून घेतलं. रडली.

12 फेब्रुवारी 2023

उष्टावण झालं. मामाच्या मांडीवर बसून पहिला घास. आता मुगाच्या डाळीचा घट्ट भात, वरून तेल किंवा तूप. डाळीचं नुसतं पाणी पाजायचं नाही, असं अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं. त्यानं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. माझ्या मते हे वाक्य प्रत्येक घराच्या चुलीवर लिहून ठेवावं.

9 मे 2023

नऊ महिने पूर्ण. गोवर-रुबेलाचा पहिला डोस, 'अ' जीवनसत्त्वाचं चमचाभर औषध आणि बाकीच्या सुया, सगळं आज झालं. वजन 7 किलो 400. कार्डावरच्या आलेखात रेघ हिरव्या पट्ट्यात, चढती. मुलींचा आलेख गुलाबी, मुलांचा निळा.

उन्हानं दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही, म्हणून कपाटाच्या आरशासमोर बसलो होतो. बाईनं आरशातल्या पोरीला हात लावला, मग मागे वळून खऱ्या मला शोधलं. डार्विननं आपल्या थोरल्या मुलाची अशीच वही ठेवली होती. मुलगा 1839 च्या डिसेंबरात जन्मला, आणि त्या टिपणांवरचा लेख बापानं 1877 साली छापला. साधारण याच वयात तो मुलगा स्वतःचं नाव आरशातल्या प्रतिमेला जोडू लागला, असं त्यात आहे. सबंध सजीवसृष्टीचा हिशेब मांडणारा माणूस, आणि तो पाळण्याजवळ बसून राग कधी आला, भीती कधी वाटली हे लिहीत होता. वाचून मला बळ आलं.

22 जुलै 2023

रात्रभर पाऊस ओतला. शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकल्याची बातमी आहे. हेलिकॉप्टर मागवलं म्हणतात. 'बंदी भाग' म्हणतात त्या गावांतून येणारे रस्ते बंद. पैनगंगा कुठवर आली ते कोणी नीट सांगत नाही.

बाईला तीन दिवसांपासून जुलाब. डोळे खोल गेले होते. साखर-मिठाच्या पाकिटाचं पाणी उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात करून ठेवलं, चमच्या-चमच्यानं पाजतोय. झिंकची गोळी रोज एक, जुलाब थांबले तरी चौदा दिवस. अंगावरचं दूध चालू. मायला वाटत होतं की पोटाला आराम द्यावा, खाणं बंद करावं. डॉक्टरांनी उलटं सांगितलं: खाणं थांबवलं तर लेकरू खचतं. आज दुपारपासून लघवी नीट होते आहे. जीवात जीव आला.

26 जुलै 2023

वजन 7 किलो 200. मे महिन्यापेक्षा कमी.

आलेखात ती अजून हिरव्यातच आहे. बघणारा म्हणेल, मग काय झालं? पण सेविका बाईंनी रेघेवर बोट ठेवून दाखवलं. रेघ कोणत्या रंगात आहे हे दुसरं. पहिलं बघायचं ते तिचं तोंड कुठे आहे. वर जाणारी रेघ आडवी झाली की विचारायचं, खाली वळली की धावायचं. रंग बदलेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. दंडाला पट्टी लावली, 13.2 सेंटीमीटर. साडेबाराच्या खाली आलं तर काळजी, साडेअकराच्या खाली आलं तर तातडीचे उपचार. आता महिनाभर एक वेळचं जेवण जास्तीचं: शेंगदाण्याचा कूट घातलेली खिचडी, अंडं, गुळाचा शिरा.

सोयाबीनवर पिवळेपणा आला तर मी त्याच दिवशी वावरात उतरतो. माझ्यासारखे बाप लेकराच्या रेघेसाठीही उतरले पाहिजेत.

15 सप्टेंबर 2023, तान्हा पोळा

पोरं लाकडी बैल ओढत निघाली. बाई आजोबांच्या कडेवर, हातात बैलाची दोरी. तेरा महिने झाले, चालत नाही. रांगलीही नाही. ती बसल्या बसल्या ढुंगणावर सरकते, एक पाय वल्ह्यासारखा मारत, आणि अख्खी ओसरी पार करते.

"शेजारची पोर दहाव्या महिन्यात पळे. हिले काऊन येत नाही?" हे आज चार तोंडांतून ऐकलं. बाईची आई घरी येऊन रडली.

म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या निरोगी मुलांवर नजर ठेवून 2006 साली टप्पे जाहीर केले. आपल्या दिल्लीतली मुलंही त्यात होती. एकट्यानं चालणं आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही येतं. आणि शंभरातली चारेक मुलं रांगतच नाहीत, सरळ उभी राहतात. बाई धरून उभी राहते, भिंतीला धरून दोन्ही बाजूंनी सरकते, दोन्ही पायांवर सारखा भार देते, हाक मारली की वळते, हवं ते बोटानं दाखवते. डॉक्टरांनी कमरेचे सांधे तपासले, ठीक आहेत. अठरा महिने झाले आणि चालली नाही, तर पुन्हा दाखवायचं. वाट बघायची, पण तारीख ठरवून.

शेजारच्या पोरीचं कौतुक आहे. ती तिची. आमच्या बाईचं माप तिच्या मागच्या महिन्याशी.

27 ऑक्टोबर 2023

आज सीतादही. पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभाताचा नैवेद्य झाला. वेचणीला तांड्यावरच्या बाया आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीचं दीड-दोन वर्षांचं पोरगं बाईबरोबर चादरीवर खेळत होतं. ते आपल्या आईला 'याडी' अशी हाक मारी, तर दुपारपर्यंत आमची बाईही त्याच्या आईला 'याई, याई' करू लागली. ती माउली ओटीतला कापूस सांडेपर्यंत हसली.

सांजेला कापूस घरी आणून खोलीत ओतला. बाई गंजीला टेकून उभी होती. तिची आई चार हातांवर बसली होती. बाईनं गंजी सोडली. तीन पावलं टाकली, चौथ्याला धपकन बसली, पुन्हा गंजीशी गेली आणि पुन्हा निघाली. कोणी टाळ्या वाजवायच्या नाहीत असं मी हातानं खुणावत होतो. घाबरून थांबली असती. मायला धीर निघाला नाही. पोटाशी धरून तिनं तिची दृष्टच काढली.

18 डिसेंबर 2023

चार तारखेपासून राज्यभरच्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर. वजनं बंद, खाऊ बंद. गल्लीत काही जण त्यांना नावं ठेवतात. मला ते पटत नाही. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पन्नाशी गाठत आली, तरी लेकरांची रेघ राखणारीला आजही मानधनच मिळतं, पगार नाही. जिनं माझ्या लेकीच्या आलेखाचं वळण ओळखलं तिचं काम माझ्या लेखी कोणत्याही पगारी नोकरीएवढं आहे.

तोवर रेघ थांबू द्यायची नाही. कापसाच्या तोलकाट्यावर बाईच्या आईला बाईला घेऊन उभं केलं, मग एकटीला. वजाबाकी 8 किलो 800. सोळा महिन्यांना ठीक. रेघ वर जाते आहे. हे बघून शेजारच्या दोघी आपापली लेकरं घेऊन आल्या. एकीचं बाळ चौदा महिन्यांचं, पावणेसात किलोही भरलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो.

9 जानेवारी 2024

दीड वर्षाचे डोस झाले: गोवर-रुबेलाचा दुसरा, त्रिगुणी आणि पोलिओचा बूस्टर, 'अ' जीवनसत्त्वाचं औषध. दवाखान्यात तान्ही बाळं पुष्कळ होती, चालती मुलं दोनच. नऊ महिन्यांच्या डोसानंतर लोकांना वाटतं, झालं सगळं.

3 मार्च 2024, पोलिओ रविवार

बूथवर गर्दी. बाई स्वतः चालत गेली. थेंब घेतले, डाव्या करंगळीवर शाई लावून घेतली आणि दिवसभर ती करंगळी सगळ्यांना दाखवत फिरली.

थेंब देण्याआधी मी बाटली बघायला मागितली. ताईंनी लगेच हातात दिली. याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथे 31 जानेवारी 2021 ला बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. लस नाकारणं हा त्यावरचा इलाज नाही; बाटली बघून घेणं हा आहे. बाटलीवर एक वर्तुळ असतं, त्यात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असला की लस उष्णतेनं बिघडलेली नाही असं समजायचं. कोणाही अडाणी माणसाला कळेल अशी ही खूण आहे आणि ती विचारण्यात कसलाच अपमान नाही.

26 एप्रिल 2024

मतदान. आमचा उमरखेड विधानसभा भाग यवतमाळ जिल्ह्यात, पण लोकसभेला हिंगोलीत. उन्हाच्या आधी सकाळीच गेलो. बाईच्या आईच्या बोटाला शाई लागली तशी कडेवरच्या बाईनं आपली डावी करंगळी पुढे केली आणि म्हणाली, "मले बी."

हे तिचं पहिलं दोन शब्दांचं वाक्य. आजवर 'पानी', 'भू', 'आबा' असे सुटे शब्द होते. दोन शब्द जोडणं दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस येतं. बाईला वीस महिने झाले. मार्चमधली शाई तिनं एवढे दिवस लक्षात ठेवली होती, दोन शाया सारख्या आहेत हे ओळखलं होतं, आपलाही वाटा आहे असं तिला वाटलं होतं. हे सगळं त्या दोन शब्दांत आलं. पोलिंगवाल्या साहेबांनी शाई लावली नाही, ते योग्यच. पण बूथमधली सगळी माणसं हसली आणि बाईला वाटलं तिचं काम झालं.

मोबाइल हातात दिलेली लेकरं गप्प बसतात खरी. पण हे वाक्य तिला वेचणीवाल्यांनी, मायनं, आजोबांनी दिलं. समोरचा उत्तर देतो तेव्हाच लेकरू बोलायला शिकतं.

10 ऑगस्ट 2024

काल दोन वर्षं झाली. वजन 10 किलो 400, उंची 84 सेंटीमीटर. 'अ' जीवनसत्त्वाचा पुढचा डोस झाला. आता दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांची होईपर्यंत. चेंडूला लाथ मारते, पायरी धरून चढते, स्वतःच्या हातानं खाते आणि निम्मं सांडते. आरोग्य पथक अंगणवाडीत येईल तेव्हा कान आणि दात दाखवायचे आहेत.

वहीतली मागची पानं संपत आली. म्हणून ढाणकीतल्या, बिटरगावकडच्या, बंदी भागातल्या आईबापांना सांगतो: नऊ महिन्यांच्या सुयांनंतर कार्ड पेटीत टाकू नका. मुलगी असो, मुलगा असो, दर महिन्याला वजन करा, आलेखावर टिंब स्वतः उभं राहून टाकून घ्या, आणि रेघ आडवी झाली तर त्याच आठवड्यात दवाखान्यात जा. अंगणवाडी बंद असली तर आमच्या घरी कापसाचा काटा आहे, या.